उभं यंत्र सडस

बारावीला फिजिक्स-गणित घेतलेली आमच्या अमळनेर-पारोळ्याकडची पोरं फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, विमानाचं मेंटेनन्स म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?" हल्ली मी त्यांना एकाच विमानाची गोष्ट सांगतो. एका संशोधन संस्थेचं दोन टर्बोप्रॉप (टर्बाइनवर पंखा फिरवणाऱ्या) इंजिनांचं विमान होतं, ढगांत शिरून हवेचे नमुने घ्यायचं. पैसा आटला आणि ते हँगरच्या कोपऱ्यात उभं राहिलं, ते अकरा वर्षं. पुन्हा उडवायचं ठरलं तेव्हा माझं मेंटेनन्सचं लायसन्स जेमतेम वर्षाचं होतं.

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडायचं. आमच्या सीनियरने माझ्यापुढे लॉगबुकांचं कपाट उघडलं. सहा आठवडे पान्याला हात नाही. अकरा वर्षांत त्या जातीच्या विमानासाठी निघालेले सगळे एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सुरक्षेचे सक्तीचे आदेश) आणि सर्व्हिस बुलेटिन (कंपनीच्या सूचना) गोळा करायचे, आपल्या सीरियल नंबरला कोणते लागू पडतात ते बघायचं आणि प्रत्येक पार्टचा जन्मदाखला शोधायचा. ज्या पार्टचे कागद नाहीत तो कितीही चकचकीत असो, आमच्या लेखी भंगार.

माझा हिशेब साधा होता: इंजिन तासभरही चाललं नाही, म्हणजे तेवढं झिजलंही नाही. पण रबराला तासांशी काय देणंघेणं? होज, सील, ओ-रिंग यांचं वय कॅलेंडरवर चालतं. लँडिंग गिअरच्या ओव्हरहॉललाही वर्षांची मर्यादा असते. त्यात हँगर समुद्राजवळ, दमट. पत्रा जिथे एकमेकांवर बसतो तिथे रंगाला बारीक फुगे आलेले. नखाने टोकरलं की आतून पांढरी भुकटी. ॲल्युमिनियमचा गंज असाच असतो, लोखंडासारखा लाल नाही. अमळनेरला आमच्या आबांचं ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. ते म्हणायचे, "उभं यंत्र सडस." अहिराणीतलं हे वाक्य मला मॅन्युअलच्या कुठल्याही प्रकरणापेक्षा जास्त कामाला आलं.

उभं राहायचंच असेल तर कुठे, यालाही महत्त्व आहे. नासाचं डब्ल्यूबी-५७ हे उंच उडणारं संशोधन विमान १९७२ पासून ॲरिझोनातल्या डेव्हिस-मॉन्थन तळावर पडून होतं आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उडालं. एक्केचाळीस वर्षांनी! तिथली हवा कोरडी आणि जमीन इतकी टणक की विमानं काँक्रीटशिवाय उभी राहतात. या जातीचं विमान साठ हजार फुटांवर जातं. आतली दोन माणसं प्रेशर सूट घालून बसतात. त्याचं मूळ घराणं म्हणजे इंग्लंडचं कॅनबेरा, जे आपल्या हवाई दलानेही १९५७ पासून २००७ पर्यंत वापरलं.

आता कुंभारमाशीची गोष्ट. पिटो ट्यूबला, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीला, लाल कव्हर घातलेलं होतं, त्यामुळे सगळे निर्धास्त. मी पंखाखालच्या, पाणी निथळायच्या बारीक ड्रेन होलकडे बघत होतो आणि एकदम आमच्या विहिरीवरची स्टार्टरची पेटी आठवली. उन्हाळ्यात मोटार बंद असली की कुंभारीण पेटीच्या भोकात मातीचं घर करायची. आषाढात आधी ते टोकरून काढायचं, मग बटण दाबायचं. टॉर्च मारला. बारापैकी चार भोकं मातीने लिंपलेली. मग स्टॅटिक पोर्टच्या, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या भोकांच्या, लाइनही सोडवून तपासल्या. हे हसण्यावारी न्यायचं काम नाही: १९९६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकहून निघालेलं बोइंग ७५७ पिटो ट्यूब तुंबल्याने समुद्रात कोसळलं, १८९ जण गेले, आणि तपासात संशय कुंभारमाशीवरच होता.

चूकही सांगतो, माझीच. हायड्रॉलिकच्या एका ॲक्च्युएटरला (तेलाच्या दाबाने भाग हलवणाऱ्या यंत्राला) सील बसवला, लाइन जोडल्या, नट सैल होऊ नयेत म्हणून लॉकवायर केली. तिसऱ्या दिवशी सीनियरने कचऱ्याच्या डब्यातून सीलचं रिकामं पाकीट उचललं आणि मुकाट्याने माझ्यासमोर धरलं. शेल्फ लाइफ दोन महिन्यांपूर्वी संपलेली. सगळं परत खोललं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून पाकीट फोडायच्या आधी तारीख मोठ्याने वाचतो. पोरं हसतात, हसू देत.

या लाइनला यायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. कोर्सला प्रवेश घेण्याआधी संस्थेला डीजीसीएची, म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकाची, सीएआर-१४७ (मेंटेनन्स शिकवण्याची) मान्यता आहे का ते डीजीसीएच्याच यादीत बघा, एजंटच्या पत्रकात नाही. आणि प्रॅक्टिकल कुठल्या चालू हँगरमध्ये होणार, ते लेखी मागा. लायसन्सचे प्रकार असे: जेट आणि टर्बोप्रॉपसाठी बी-१.१, एव्हिऑनिक्ससाठी, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी, बी-२. मॉड्यूलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या, परीक्षेत ७५ टक्क्यांना पास. पस्तीसवर निघायची सवय असलेल्यांना हे जड जातं, मलाही गेलं. मराठी माध्यमाची भीती मात्र बाळगू नका. मॅन्युअलची इंग्रजी कोरडी आणि ठरावीक असते, वर्षभरात अंगवळणी पडते. सुरुवातीचा पगार घरी सांगण्यासारखा नसतो आणि रात्रपाळी सुटत नाही. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर ट्रेनिंगची विमानं उडतात. घरी ऐकत नसतील तर एकदा तिकडे चक्कर मारून या.

बोरोस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, इंजिनाची पाती बघितली, टाक्यांच्या तळाशी साचलेला बुरशीचा काळसर गाळ काढला, जागेवर इंजिन चालवून ग्राउंड रन झाले, मग जमिनीवर विमान चालवून टॅक्सी रन. चौदा महिन्यांनी टेस्ट फ्लाइट. माझी सही असलेले कागद घेऊन विमान धावपट्टीवर गेलं, तेव्हा मी आबांना फोन लावला होता आणि बोलत काहीच नव्हतो. तिकडून दुकानातल्या इंजिनाचा फटफट आवाज येत होता. पन्नास मिनिटांनी विमान उतरलं. टाळ्या झाल्या, पेढे आले. पायलटने हातमोजे काढले आणि स्नॅग, म्हणजे दोष, लिहिला: डावा फ्यूएल गेज मधूनच शून्य दाखवतो.

सीनियरने पेढा तोंडात टाकला आणि नवं टास्क कार्ड माझ्या हातात दिलं.