गुडघा बरा होईपर्यंत मनाचं काय करायचं?

गुडघ्याचं लिगामेंट तुटलेला खेळाडू माझ्याकडे येतो, तेव्हा गुडघ्याला हात लावण्याआधी मी विचारते, काल रात्री झोप कधी लागली? मी फिजिओथेरपिस्ट आहे, सूज उतरवणं माझं कामच आहे. पण पहाटेपर्यंत आपल्याच संघाचे सामने मोबाईलवर बघत जागणाऱ्याचा गुडघाही नीट सुधारत नाही.

दुखापतीने नुसता खेळ थांबत नाही. घाम गाळल्यावर लागणारी गाढ झोप, उतरणारा ताण, सोबत्यांची थट्टामस्करी, सकाळी उठायचं कारण, सगळं एका दिवसात जातं. एरवी मन ज्याच्या जोरावर सावरतं, नेमकं तेच. म्हणून यातली एकेक गोष्ट ओळखून तिची तात्पुरती सोय लावायची.

आधी वेळापत्रक. सरावाची वेळ रिकामी सोडू नका. त्याच वेळी, सरावाचेच कपडे घालून व्यायामाला बसा. डॉक्टरांची परवानगी असेल तर हातांचा आणि पोटाचा दमवणारा व्यायाम करा, कारण झोपेला घाम लागतो. शस्त्रक्रिया झाली असेल तर मैदानावर परतायला साधारण ९ महिने तरी धरावे लागतात. हा आकडा ऐकून भले भले खचतात. तो भिंतीवर लावू नका. वहीत या आठवड्यापुरतं लिहा: गुडघा पूर्ण सरळ करणं, मांडीचा स्नायू आवळता येणं, कुबडीशिवाय दाराशी जाणं.

संघापासून तुटू नका, पण बाकावर नुसतं बसूही नका. प्रशिक्षकाकडून काम मागून घ्या. गुण लिहा, व्हिडिओ काढा, लहान मुलांचा वॉर्मअप घ्या. कुणाला सुरुवातीला मैदान बघवतच नाही. मग जबरदस्ती नको, एखाद्या सोबत्याला बाहेर भेटा. आणि घरच्यांनो, ‘परत कधी खेळणार?’ हे रोज विचारू नका.

सगळ्यात अवघड असते ती भीती, आणि ती येते गुडघा बरा झाल्यावर. माझ्याकडच्या एका व्हॉलीबॉलपटू मुलीची ताकद दोन्ही पायांत सारखी भरली होती. तरी खोक्यावरून उडी मारताना तिचे खांदे वर जायचे, श्वास अडकायचा आणि चांगला पाय क्षणभर आधी टेकायचा. मी समोरून चित्रण करून तिला सावकाश दाखवलं. ती म्हणाली, “ताई, मला तर दोन्ही पाय बरोबरच टेकतात असं वाटत होतं.” मग आम्ही खोका बाजूला ठेवला आणि एका पायरीच्या उंचीपासून सुरुवात केली, पाय टेकताना श्वास सोडत. दोन्ही पाय एकदम टेकू लागल्यावरच उंची वाढवली. तुम्हीही असंच करा, फिजिओच्या नजरेखाली.

ही भीती लपवू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सला हवेत आपल्या शरीराचा अंदाज येईनासा झाला, तेव्हा तिने सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडली. २०२४ला पॅरिसमध्ये तिने ३ सुवर्णपदकं जिंकली. थांबायचं कधी हे कळणं हेही कौशल्यच आहे, असं मी मनापासून मानते.

डोक्याला मार बसला असेल तर नंतरची चिडचिड किंवा उदासी मेंदूच्या दुखापतीचीही असू शकते. डॉक्टरांना ती आवर्जून सांगा.

उदासी दोन आठवडे हटली नाही, भूक-झोप उडाली, कशातच रस वाटेना, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

परतीच्या पहिल्या सरावाआधी प्रशिक्षकाशी एक खूण ठरवून ठेवा. ती केली की तुम्ही बाहेर याल, आणि कारण सगळ्यांसमोर कुणी विचारणार नाही.