गोदामात फोर्कलिफ्टच्या आसपास चालताय? या चुका टाळा

सात वर्षं मी फोर्कलिफ्ट चालवली. आता चालवणाऱ्यांवर आणि त्यांच्या आजूबाजूने पायी फिरणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम करतो. चुका त्याच त्या, करणारी माणसं तेवढी बदलतात. रोज तेच सांगून घसा बसलाय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

मागच्या बाजूला बिनधास्त उभं राहणं

या चुकीची मला सगळ्यात जास्त चीड येते. लोक पुढच्या, माल उचलणाऱ्या काट्यांना घाबरतात आणि मागे जाऊन उभे राहतात. कारमध्ये पुढची चाकं वळतात, फोर्कलिफ्टमध्ये मागची. ड्रायव्हरने स्टिअरिंग डावीकडे मारलं की गाडीचं बूड उजवीकडे झपकन बाहेर येतं. त्या बुडात काउंटरवेट असतं, म्हणजे चक्क ओतीव लोखंडाचा ठोकळा. अडीच टन उचलणारी गाडी रिकामी असतानाच साडेतीन टनांच्या आसपास भरते.

स्टॉक मोजणीचे दिवस होते. नवा मुलगा क्लिपबोर्ड घेऊन लेबलं टिपत होता. त्याच गल्लीत ड्रायव्हरने पॅलेट, म्हणजे माल ठेवायचा फळ्यांचा पाट, खाली घेतला, मागे वळून पाहिलं, मुलगा लांब होता. तेवढ्यात एक लेबल नीट दिसेना म्हणून मुलगा एक खण अलीकडे सरकला. गाडी पुढे निघाली, वळली, आणि बूड थेट रॅकच्या खांबाकडे. मी ओरडलो. मुलाने क्लिपबोर्ड टाकून उडी मारली आणि गाडी थांबेपर्यंत क्लिपबोर्ड खांब आणि काउंटरवेटच्या मधे चेपला होता. गाडी हलवून तो काढला, तेव्हा पत्र्याची क्लिप पापडासारखी सपाट झाली होती. मुलगा थरथरत म्हणाला, "सर, पण गाडी तर पुढे जात होती!"

पुढेच जात होती. गोम तिथेच आहे.

तेव्हापासून मोजणीच्या गल्लीला दोन्ही तोंडांना साखळी लावतो आणि कुलपाची किल्ली माझ्या खिशात ठेवतो. "दोन मिनिटांचं काम आहे, साखळी कशाला?" असं विचारणारा दर वेळी एक तरी निघतो. त्याला मी त्या दिवशी मोजणीलाच घेत नाही. पाठीशी भिंत किंवा रॅक असेल तर चालू गाडीजवळ उभंच राहायचं नाही. पळायला जागा नसते.

"त्याने मला पाहिलंय"

कशावरून? त्याच्या समोर काटे वर-खाली नेणाऱ्या मास्टचे खांब, साखळ्या, होज आणि त्यापुढे माल. तुम्हाला त्याची टोपी दिसली म्हणजे त्याला तुम्ही दिसलात असं नाही. माल डोळ्यांच्या वर गेला की सपाट जमिनीवर ड्रायव्हर गाडी रिव्हर्समध्ये नेतो, आणि तसंच न्यायला हवं. मग तुम्ही ज्याला गाडीचं तोंड समजताय, ती तिची पाठ असते.

दुसरं म्हणजे, दिसलात तरी तो लगेच थांबेलच असं नाही. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ पावणेतीन मीटर. त्याचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एवढं अंतर गेलेलं असतं. त्यात काट्यांवर माल असेल तर कचकन ब्रेक मारून चालत नाही. गाडी थांबते, माल पुढे सरकतो, आणि पुढे तुम्ही असता.

मी चालवायचो तेव्हा माणूस जवळ आला की गाडी थांबवून काटे जमिनीला टेकवायचो, न्यूट्रल करायचो, मग हाताने इशारा द्यायचो. आजही मी पायी असताना ड्रायव्हरने एवढं केल्याशिवाय पाऊल टाकत नाही. नुसती मान हलवली तर मी हलत नाही, तो कदाचित गाणं गुणगुणत असेल.

बाकीच्या, थोडक्यात

पायी चालायच्या वाटेचा पिवळा पट्टा हा रंग आहे, भिंत नाही. ऑफिसचं दार थेट गाड्यांच्या वाटेवर उघडत असेल तर तिथे लोखंडी रेलिंगच हवं. पट्ट्यावर "तात्पुरता" पॅलेट ठेवणाऱ्याला मी जास्त दोषी धरतो, कारण त्याच्यामुळेच माणसं गाड्यांच्या वाटेत उतरतात.

इअरफोन घालून फिरू नका. बॅटरीवरच्या गाडीचा आवाज तसाही येत नाही.

रिव्हर्सच्या बीपची कानाला आठवड्यात सवय होते. त्याच्या भरवशावर राहू नका.

उचललेल्या काट्यांखालून जाणं, काट्यांवर उभं राहून वर चढणं: यावर मी आता बोलतही नाही, सरळ गेटबाहेर काढतो.

चमकदार जॅकेट घातलं की काहींना चिलखत घातल्यासारखं वाटतं. गाडीला ते कळत नाही.

डॉकवर, म्हणजे ट्रकमधला माल चढवतात-उतरवतात तिथे, ट्रकचे ड्रायव्हर भटकतात म्हणून सगळे त्यांच्यावर खेकसतात. त्यांना बसायला बाक आणि प्यायला पाणी कुठे ठेवलंय ते आधी बघा. आम्ही दरवाज्याजवळ बाक टाकल्यावर निम्मी भटकंती थांबली.

आणि वळणावरचे गोल आरसे. लावताना फोटो काढतात, नंतर त्यांच्यावर इतकी धूळ बसते की फोर्कलिफ्ट आली काय आणि हत्ती आला काय, सारखंच दिसतं. मी दर सोमवारी शिडी लावून स्वतः पुसतो. मी रजेवर असलो की कोणी हात लावत नाही, हे परत आल्यावर आरशातच दिसतं.