गाय घेताना पहिली धार मोजू नका
बाजारात आणलेल्या गाईची कास बरेचदा तुंबवलेली असते, म्हणजे आदली धार काढलेलीच नसते. ते दूध मोजून काय उपयोग? विकणाऱ्याच्या गोठ्यावर जा. संध्याकाळी कास पूर्ण मोकळी करून घ्या आणि पुढच्या दोन धारा, बारा-बारा तासांनी, समोर बसून मोजा. चारही सड स्वतः पिळा. पहिल्या तीन-चार चिळकांड्या काळ्या फडक्यावर घ्या. गाठी, पाणचटपणा किंवा रक्त दिसलं की दगडीचा, म्हणजे कासेच्या सुजेच्या आजाराचा संशय, सौदा तिथेच सोडा. गाईजवळ बांधलेलं वासरू तिचंच आहे ना, तेही पाहा. नाहीतर घरी आल्यावर गाय पान्हा चोरेल, म्हणजे दूध अडवून धरेल. नव्या जागी काही दिवस दूध घटतंच, लगेच पेंड वाढवू नका. तिच्या सवयीचा चारा आठवडाभराचा सोबतच आणा, मग हळूहळू बदला.