चेनसॉ आणि बागेतल्या यंत्रांना अल्किलेट पेट्रोलवर कसं आणावं

चेनसॉ चालवताना आपलं तोंड सायलेन्सरपासून जेमतेम हातभर लांब असतं. गाडीचा धूर मागे निघून जातो, इथे मात्र वाकून काम करताना तो थेट नाकात येतो. त्यातून टू-स्ट्रोक इंजिनात ताजं मिश्रण आत शिरत असतानाच एक्झॉस्टचं तोंडही उघडं असतं. साध्या बनावटीच्या यंत्रात जवळपास एक चतुर्थांश इंधन न जळताच बाहेर पडतं. म्हणजे धुराबरोबर आपण कच्चं पेट्रोलही हुंगत असतो. इंधन बदलायचं माझ्या लेखी पहिलं कारण हेच आहे, यंत्राचा फायदा त्यानंतर.

अल्किलेट पेट्रोल आयसोब्युटेन आणि ब्युटीन यांसारखे वायू रिफायनरीत आम्लाच्या मदतीने जोडून बनवतात. नेहमीच्या पेट्रोलमध्ये बेन्झीन १ टक्क्यापर्यंत असू शकतं आणि टोल्युइनसारखी इतर अॅरोमॅटिक (बेन्झीनच्या कुळातली) संयुगं त्याच्या कितीतरी पट. बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. चांगल्या अल्किलेटमध्ये बेन्झीन ०.१ टक्क्याहून कमी असतं. इथेनॉल नसतं आणि गंधक जवळजवळ नसतंच. जंगलात दिवसभर करवत चालवणाऱ्या कामगारांसाठी स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात हे इंधन बाजारात आलं. डब्यावर एसएस १५५४६१ हा स्वीडिश मानकाचा क्रमांक दिसला, तर आतला माल त्या कसोटीचा आहे असं समजावं.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. हे इंधनही खनिज तेलापासूनच येतं. कार्बन डायऑक्साइड तेवढाच निघतो, विषारी कार्बन मोनॉक्साइडही निघतो. त्यामुळे बंद शेडमध्ये यंत्र चालू करू नये. पेटही ते साध्या पेट्रोलसारखंच घेतं.

आधी इंजिन ओळखा

चेनसॉ, ब्रशकटर, हेज ट्रिमर बहुधा टू-स्ट्रोक असतात. त्यांना ऑइल मिसळलेलं इंधन लागतं. लॉनमोवर आणि टिलर बहुधा फोर-स्ट्रोक, त्यांना ऑइल भरायचं वेगळं झाकण असतं. मात्र ऑइलचं झाकणच नसलेली, मिश्रणावर चालणारी काही फोर-स्ट्रोक हातयंत्रंही मिळतात, म्हणून पुस्तिका उघडून खात्री कराच. अल्किलेट दोन्ही प्रकारांत मिळतं, तयार मिश्रण आणि नुसतं पेट्रोल. नुसतं पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेलं, तर काही मिनिटांत पिस्टन सीझ होतो, म्हणजे अडकून बसतो. तयार मिश्रण बहुतेक ५० ला १ असतं, म्हणजे लिटरला २० मिली ऑइल. तुमच्या जुन्या यंत्राची पुस्तिका २५ ला १ म्हणत असेल, तर नुसतं अल्किलेट घेऊन लिटरला ४० मिली ऑइल स्वतः मिसळावं.

टाकी रिकामी करा

जुनं पेट्रोल डब्यात ओता. मग यंत्र चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटरही कोरडा होईल. उरलेलं इंधन गटारात किंवा मातीत ओतू नका. घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. साध्या पेट्रोलमध्ये अल्किलेट मिसळलं म्हणून इंजिन बिघडत नाही, पण ज्यासाठी पैसे मोजले ते निम्मं वाया जातं.

टाकी रिकामी आहे तोवर आतली नळी तारेच्या आकड्याने बाहेर ओढून बघा. ती बोटांत वाकवली की भेगा दिसतात का? टोकाची गाळणी काळी पडली आहे का? वर्षानुवर्षं साध्या पेट्रोलवर चाललेल्या यंत्राची नळी, सील आणि डायफ्रॅम (कार्ब्युरेटरमधला लवचीक पडदा) अॅरोमॅटिकमुळे थोडे फुगलेले असतात. अल्किलेट लागलं की ते आकसतात आणि गळती सुरू होते. माझ्या जुन्या ब्रशकटरमध्ये नळी जिथून टाकीत शिरते, तिथलं रबर दुसऱ्याच टाकीला पाझरायला लागलं. दोष इंधनाचा नव्हता, रबर आधीच संपलेलं होतं. यंत्र जुनं असेल तर नळी, गाळणी आणि डायफ्रॅमचा संच आधीच बदलून घेणं उत्तम. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडाशी कार्बनचे थर जमलेत का तेही बघा. असतील तर साफ करून घ्या, कारण सुटलेली खपली पिस्टनवर ओरखडे पाडते.

भरा, चालू करा, कान द्या

कार्ब्युरेटर कोरडा असल्याने पहिल्यांदा दोरी जास्त वेळा ओढावी लागेल. प्राइमरचा फुगा असेल तर इंधन दिसेपर्यंत दाबा.

खरं काम यापुढचं. अल्किलेट हलकं असतं, लिटरला सुमारे ७०० ग्रॅम. साधं पेट्रोल साधारण ७५० ग्रॅम भरतं. कार्ब्युरेटरच्या त्याच छिद्रातून वजनाने कमी इंधन आत जातं आणि मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. टू-स्ट्रोकला ऑइलही इंधनातूनच मिळत असल्याने लीन मिश्रण म्हणजे जास्त उष्णता आणि कमी वंगण. आपोआप जुळवून घेणाऱ्या कार्ब्युरेटरला काही करावं लागत नाही. बाकीच्यांत एअर फिल्टर साफ करून, इंजिन चांगलं गरम करून मग कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावा. पूर्ण रेसवर, लाकडाबाहेर, आवाज किंचित घोगरा, फडफडता यायला हवा आणि पातं लाकडात शिरलं की तो साफ व्हायला हवा. बाहेर असतानाच कर्कश, ताणलेली किंकाळी ऐकू आली, तर रेस लगेच सोडा आणि एच स्क्रू (पूर्ण रेसवरचं इंधन ठरवणारा) घड्याळाच्या उलट दिशेने फेऱ्याचा आठवा हिस्सा फिरवा. शेवटी आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन कसं चालतं ते, तपासा, साखळी अजिबात फिरता कामा नये. कानावर भरवसा नसेल तर टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारं उपकरण) असलेल्या मेकॅनिककडे जा. ती फी पिस्टनपेक्षा नक्की स्वस्त पडते.

ठेवणीत टाकताना

इथे अल्किलेटची किंमत वसूल होते. इथेनॉल असलेलं मिश्रण हवेतला ओलावा ओढतं, काही महिन्यांत पाणी तळाशी बसतं आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकट राळ जमते. अल्किलेट मात्र घट्ट बंद डब्यात काही वर्षं टिकतं, म्हणून हंगामानंतर ते टाकीत राहिलं तरी चालतं. डबा उघडल्याची तारीख त्यावर मार्करने लिहून ठेवा.

साखळीच्या ऑइलचाही विचार करा, कारण ते सगळंच्या सगळं उडून मातीत जातं. वनस्पतिजन्य ऑइल मातीत विघटन पावतं, पण महिनोन्महिने पडून राहिलं की घट्ट होऊन पंप चिकटवतं. ठेवणीत टाकण्याआधी ऑइलची टाकी रिकामी करून, साखळी आणि बार काढून पुसून ठेवा.