बाड सोडण्याआधी

मुलांच्या गोष्टी लिहिणारी आणि आपल्या मुलखाचा इतिहास धुंडाळणारी व्यक्ती एकच असेल, तर तिच्या कागदांचे दोन ढीग करायची उबळ येतेच: इकडे गोष्टी, तिकडे इतिहास. आवरा. हा उपद्व्याप मी केला आणि तिसऱ्याच कागदाला अडले. एका बाजूला जुन्या दस्ताची नक्कल, तिच्यावर उभी काट. उलटवलं तर कोल्ह्याच्या गोष्टीचा खर्डा! नकलेवर तारीख होती, गोष्टीवर नव्हती. पण काम झालं म्हणून नक्कल काटली आणि पाठकोरी बाजू गोष्टीला वापरली, हे उघड होतं. म्हणजे गोष्ट त्या तारखेनंतरची. ढीग वेगळे केले असते, तर हा दुवाच गेला असता.

म्हणून कागद ज्या क्रमाने सापडले त्याच क्रमाने ठेवा. बाड, म्हणजे कागदांचा बांधलेला गठ्ठा, सोडण्याआधी त्याचा फोटो काढा. मग प्रत्येक पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने हलकासा क्रमांक घाला, कोऱ्या पानांवरसुद्धा. पेन टेबलावर नकोच. हात धुऊन कोरडे केलेले पुरतात; हातमोजे फक्त बाडातली छायाचित्रं हाताळताना, कागदाला त्यांनी उलट चिरा जातात. गंजलेली टाचणी ओढू नका. वर-खाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून ती सावकाश सोडवा. वाळलेली चिकटपट्टी आहे तशी राहू द्या. लॅमिनेशनचं नावही काढू नका. वर्तमानपत्राची कात्रणं शेजारचं पान पिवळं करतात, मध्ये आम्लमुक्त कागद घाला.

आता खरी गंमत, खर्ड्यांचा क्रम लावणं. अक्षर सुवाच्य म्हणजे खर्डा शेवटचा, असं धरू नका. छान उतरवलेल्या प्रतीवरही पुन्हा खाडाखोड होते. छपाईआधीची मुद्रितं तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे मी सरळ खाडाखोडीकडे बघते. एका प्रतीत काकपद (शब्द घालायची ‘^’ अशी खूण) देऊन समासात घातलेला शब्द दुसऱ्या प्रतीत ओळीतच आला असेल, तर दुसरी नंतरची. अशा पाच-सहा जागा जुळवा, एकीवर विसंबू नका. कार्बन प्रत, म्हणजे टंकलेखन करताना खाली कार्बन कागद घालून निघालेली दुसरी प्रत, दिसली तर जास्तच जपून: वरच्या प्रतीवर एक दुरुस्ती आणि कार्बनवर भलतीच, असं सर्रास असतं. त्यांना एकामागून एक न लावता एकाच टंकलेखनाच्या दोन शाखा म्हणून नोंदवा.

माझ्याकडे लावायला आलेल्या बाडात एक बदल चार खर्ड्यांत दिसला. ‘पर्जन्यवृष्टी झाली’, मग ‘पाऊस झाला’, मग ‘पाऊस आला’, शेवटी ‘आला की पाऊस!’ त्याच हाताने इतिहासाच्या पानावर मात्र ‘लोक सांगतात’ खोडून दस्ताचा तपशील भरला होता. गोष्ट आटत गेली, इतिहास फुगत गेला. असे बदल ओळीसकट टिपून ठेवा. नुसतं ‘किरकोळ दुरुस्त्या’ लिहिणाऱ्या याद्या मला कधीच कामाला आल्या नाहीत.

ज्या पानांची जागा लागत नाही, ती एका वेगळ्या पाकिटात घाला आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहा: कोणत्या दोन पानांमध्ये सापडली.