चिनी बगळा: आधी पाय धुऊ द्या

गाव पैठणजवळ. शाळेपासून जायकवाडीच्या नाथसागरावर पक्षी बघत आलो, त्यामुळे बगळे आपल्याला येतात असा माज होता. मेडिकलला फिलिपिन्सच्या सेबूला गेलो आणि ओलांगो बेटावर तो उतरला.

ओहोटीनं चिखल उघडा पडला होता. लांबवर पांढरे बगळे. एकाचे पाय काळपट-हिरवे वाटले आणि मी ओरडलोच, "चिनी बगळा!" सोबतचा तिथला वाटाड्या नुसता हसला. पक्षी पुढच्या डबक्यात शिरला, चिखल धुतला गेला. पाय काळेभोर, पंजे पिवळे. गावाकडचा लहान बगळाच (लिटल एग्रेट ही जात)!

तेव्हा नव्यांनो, पहिला नियम: पाय धुईपर्यंत थांबा.

हिवाळ्यात चिनी बगळ्याचे पाय हिरवट-पिवळे असतात. चोच काळपट, पण खालच्या चोचीचं बूड पिवळं. खरी गोची इथंच आहे, कारण लहान बगळ्याच्या कोवळ्या पिल्लाचेही पाय हिरवट आणि चोच फिकी असू शकते. म्हणून एका खुणेवर नाव देऊ नका. चोचीची जाडी बघा, पायांची लांबी बघा. पांढऱ्या रूपातला पॅसिफिक समुद्री बगळाही फसवतो. त्याचे पाय आखूड नि जाडसर, चोचही जाड. चिनी बगळा पंख अर्धे उघडून, झोकांड्या खात माशामागे धावतो, पण पळतो तर लहान बगळाही.

एप्रिलच्या सुमारास विणीचा रंग चढला की घोळ मिटतो. चोच पिवळी-नारिंगी, डोळ्यापुढची कातडी निळी, डोक्यामागे विस्कटलेला तुरा. लहान बगळ्याला तिथं दोनच लांब पिसं असतात. मग हे पक्षी कोरिया, चीन आणि रशियाकडच्या निर्जन बेटांवर विणीला जातात.

इंग्रज पक्षी-अभ्यासक रॉबर्ट स्विन्होनं 1860 मध्ये याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढं मडमांच्या टोप्यांतल्या पिसांपायी त्याची कत्तल झाली. आता भरती-ओहोटीचे चिखलपट्टे भराव घालून बुजवले जातात, म्हणून तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'असुरक्षित' आहे.

सराव मात्र घरीच होतो. सुट्टीत धरणावर जाऊन एकेका लहान बगळ्याचे पाय, चोच, डोळ्यापुढची कातडी वहीत उतरवतो. मागच्या खेपेला आई म्हणाली, "रोजचेच बगळे, त्यात काय बघायलास?"

"पाय धुवायची वाट बघायलोय."