बीम अलाइनमेंट आणि डायग्नोस्टिक्समधल्या या चुका टाळा

पुण्यातल्या कॉलेजांतून आमच्याकडे येणारी मुलं हुशार असतात, पण पहिल्याच आठवड्यात त्यांना पायथनमध्ये ऑटो-अलाइनमेंटचा लूप, म्हणजे कॅमेऱ्यात बघून आरसे आपोआप फिरवत बीम नेमावर आणणारा प्रोग्राम, लिहायचा असतो. कॅमेऱ्यावर नेमकं काय पडतंय, हे बघायला कुणी थांबत नाही. फ्यूजन लेसरमध्ये, म्हणजे अणुसंमीलनासाठीच्या लेसरमध्ये, ही घाई परवडत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ बीम आहेत आणि टार्गेटवर त्यांचा नेम साधारण ५० मायक्रॉनमध्ये बसावा लागतो. शेवटच्या लेन्सची नाभीय लांबी ७.७ मीटर, म्हणजे दिशेत साडेसहा मायक्रोरेडियनची मुभा. आरसा वळला की बीम दुप्पट वळतो, त्यामुळे आरशाच्या वाट्याला सव्वातीनच येतात.

मला सर्वांत जास्त छळणारी चूक म्हणजे बीम सॅम्पलर म्हणून, म्हणजे मोजण्यासाठी बीमचा थोडा भाग कॅमेऱ्याकडे वळवायला, समांतर काच लावणं. कोटिंग नसलेल्या काचेचे दोन्ही पृष्ठभाग प्रत्येकी सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवतात. कॅमेऱ्यावर जवळजवळ सारख्याच तेजाचे दोन ठिपके एकमेकांवर पडतात आणि त्यांचं व्यतिकरण होतं, म्हणजे उजळ-काळे पट्टे उमटतात. पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेत १० मिलिमीटर जाडीची अशी काच लावली होती. सकाळी सगळं ठीक, दुपारी सेंट्रॉइड (ठिपक्याचा तेजोमध्य) सरकलेला. एप्रिल महिना आणि खोलीत एसी नाही. अशा काचेत तापमान ४ अंशांनी बदललं की १०५३ नॅनोमीटरला, म्हणजे लेसरच्या अवरक्त तरंगलांबीला, जवळपास एक पूर्ण पट्टा सरकतो. बीम जागेवरच होता, पण लूपने आरसा फिरवून ठिपका ‘मध्यावर’ आणला. स्क्रीनवर चूक शून्य आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या क्रॉसवायरवर (खुणेच्या फुलीवर) बीम भटकतोय! बिचाऱ्या आरशांचे माउंट बदलून झाले, मोटर बदलून झाल्या. शेवटी एका जुन्या टेक्निशियनने सॅम्पलरजवळ मिनिटभर नुसता तळहात धरला आणि ठिपका हलला.

मी निदान एक अंशाची वेज, म्हणजे पाचरीसारखी निमुळती काच, घेते. मागचं परावर्तन तीनेक अंश बाजूला जातं, तिथे काळा शोषक ठेवते. आणि लूप सुरू करण्याआधी प्रत्येक काचेजवळ तळहात धरून पाहते. वेळ जातो, जाऊ द्या.

दुसरी चूक मोजमापाच्या यंत्रावरच आंधळा विश्वास ठेवण्याची. ३०० मिलिमीटर उंचीच्या दोन ॲल्युमिनियम पोस्ट तेवढ्याच अंतरावर असतील आणि त्यांतली एक दुसरीपेक्षा १ अंशाने तापली, तर वरची पट्टी सुमारे २३ मायक्रोरेडियन कलते. आपली सगळी मुभा साडेसहाची! एसीचा झोत थेट टेबलावर सोडणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. डायग्नोस्टिकच्या, म्हणजे बीम मोजणाऱ्या जोडणीच्या, आत स्वतंत्र संदर्भ स्रोत हवाच आणि बीमची जागा त्याच्या ठिपक्यापासूनच मोजायची. कॅमेऱ्याच्या पिक्सेल क्रमांकाला संदर्भ मानणं मला अजिबात मान्य नाही.

१०५३ नॅनोमीटरवर फोकस लावून तोच ३५१ साठी, म्हणजे टार्गेटवर पडणाऱ्या अतिनील प्रकाशासाठी, धरू नका. लेन्सच्या काचेचा, म्हणजे फ्यूज्ड सिलिकाचा, अपवर्तनांक अवरक्तात कमी असतो, त्यामुळे फोकस सुमारे ६ टक्के लांब पडतो. ७.७ मीटरच्या लेन्सला हा फरक ४० सेंटीमीटरहून जास्त होतो.

बीम दोन आरशांनी लावतात. निअर-फील्ड कॅमेऱ्यावर, म्हणजे बीमचा आडवा छेद बघणाऱ्या कॅमेऱ्यावर, दुसऱ्या आरशाचीच प्रतिमा घ्या. मग तो फिरवला तरी बीमचं केंद्र हलत नाही, फक्त दिशा बदलते. केंद्र पहिल्या आरशाने लावायचं आणि दिशा दुसऱ्याने. हे नसेल तर दोन्ही लूप एकमेकांशी भांडत बसतात.

सॅच्युरेट झालेल्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या मर्यादेपलीकडे तेजस्वी, ठिपक्याचा सेंट्रॉइड काढू नका. सेन्सरवरची संरक्षक काच पट्टे देते, ती नसलेला कॅमेरा मागवा. एनडी फिल्टरवरचा (प्रकाश मंद करणाऱ्या काचेवरचा) आकडा बहुधा दृश्य प्रकाशाचा असतो, १०५३ ला स्वतः मोजा. लेसरची तरंगलांबी बदलणारा केडीपी स्फटिक पावसाळ्यात उघडा ठेवलात तर ओलाव्याने पृष्ठभाग गेलाच.

आणि घोस्टची, म्हणजे लेन्सच्या पृष्ठभागांवरून नको तिथे परतणाऱ्या प्रकाशाची, गणितं टाळू नका. १० किलोज्यूलचा बीम, ०.५ टक्के परावर्तनाचे दोन पृष्ठभाग: घोस्टमध्ये पाव ज्यूल उरतो. तो एक चौरस मिलिमीटरवर गोळा झाला की २५ ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर, तेही काही नॅनोसेकंदांत. नेमकी तिथेच डायग्नोस्टिकची लेन्स असेल तर ती फुटू शकते. म्हणून घोस्टची यादी यांत्रिक ड्रॉइंग पक्कं होण्याआधी द्या. ब्रेडबोर्डला (भाग बसवायच्या पाटाला) भोकं पाडून झाल्यावर लेन्स दहा सेंटीमीटर सरकवायला जागा मिळत नाही.